आम्लाच्या थेंबात दर्शक टाकला तर दुधाळ झालं. याला रासायनिक बदल म्हणायचं का?

फळ्यापाशी

नमस्कार. नववीला विज्ञान शिकवते. 'रासायनिक बदल कसा ओळखाल' हा तास दरवर्षी परीक्षानळ्या घेऊन व्हायचा. मी समोर करून दाखवायचे, मागच्या बाकांवरून कोणाला धड दिसायचं नाही, आणि वह्यांमध्ये सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द तेच. यंदा ठरवलं, मुलांच्या हातात द्यायचं. दोघांत एक पारदर्शक प्लास्टिकची शीट, तिच्याखाली चौकटी आखलेला कागद, आणि प्रत्येक चौकटीत याचे दोन थेंब, त्याचा एक थेंब. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड (ही अल्कली), फिनॉल्फ्थॅलीन (आम्लात रंगहीन, अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक), मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण, अमोनियाचं विरल द्रावण. मॅग्नेशियमच्या फितीचे बारीक तुकडे आणि त्यांच्यासाठी १ मोलर आम्ल वेगळं ठेवलं होतं. डोळ्यांना चष्मे सगळ्यांना.

तास झकास झाला. घरी वह्या तपासायला घेतल्या आणि अडकले.

आम्लाच्या दोन थेंबांत फिनॉल्फ्थॅलीनचा एक थेंब टाकला की 'रंगहीन राहतो' असं पुस्तकात आहे, मीही तेच शिकवते. अर्ध्याहून जास्त मुलांनी लिहिलंय, 'पांढरा अवक्षेप आला, रासायनिक बदल झाला.' आधी वाटलं एकमेकांचं बघून लिहिलं असेल. मग स्वतः करून पाहिलं. खरंच दुधाळ होतं! बावीस वर्षं हा दर्शक वापरतेय, असं कधी पाहिलं नव्हतं.

दुसरं, आम्लात अल्कली थेंबाथेंबाने घालून नुकताच गुलाबी झालेला थेंब दहा-बारा मिनिटांत पुन्हा पांढरा झाला. शेजारच्या चौकटीतला नुसत्या अल्कलीचा थेंब मात्र गडद गुलाबीच. एका मुलीने लिहिलंय, 'अभिक्रिया उलटी फिरली.' हे चूक म्हणायचं तर का चूक ते मला सांगता यायला हवं.

तिसरं, दर्शक न घालता आम्ल आणि अल्कली एकत्र केली तिथे सगळ्यांनी 'काहीही बदल नाही' असं लिहिलंय. दिसलं नाही हे खरंच आहे. पण मग गुण द्यायचे की कापायचे?

फळ्यावर 'उद्या सांगते' असं लिहून आले आहे.

नळीवाले_काका

बाई, तुमच्या मुलांनी उत्तम निरीक्षण केलंय, त्याबद्दल आधी शाबासकी. मी प्रयोगशाळा सहायक म्हणून एकतीस वर्षं काढली. पुस्तकात 'रंगहीन' आहे म्हणून दुधाळ दिसत असताना 'रंगहीन' लिहिणारी मुलं मी ढीगभर पाहिली आहेत.

आता दुधाळपणाचं. तो अवक्षेप, म्हणजे साका, आम्लामुळे आलेला नाही. फिनॉल्फ्थॅलीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते अल्कोहोलात करतात. बाटलीवर काय लिहिलंय पाहा, बहुधा १ टक्का असेल. म्हणजे लिटरला १० ग्रॅम. परीक्षानळीत तुम्ही ५ मिलिलिटर आम्लात एक थेंब टाकता. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर शंभर थेंबांत एक. दर्शकाचं प्रमाण उतरतं लिटरला ०.१ ग्रॅमवर, आणि एवढं थोडं असलं की डोळ्याला काही जाणवत नाही. शीटवर तुम्ही दोन थेंबांत एक टाकलात. ते झालं लिटरला ३.३ ग्रॅम, परीक्षानळीच्या तेहतीस पट! अल्कोहोल पाण्यात मिसळून गेलं, दर्शकाला आधार राहिला नाही, तो बारीक कणांच्या रूपात बाहेर आला. रेणू तोच, फक्त विरघळलेला होता तो सुटा झाला.

उद्या वर्गात माझ्या शब्दावर जाऊ नका. साध्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या दोन थेंबांत तोच दर्शक टाकायला सांगा. तिथेही दुधाळ झालं तर आम्लाचा त्यात हात नाही हे मुलंच सांगतील. मग त्या दुधाळ थेंबात अल्कलीचा थेंब सोडा. दूध नाहीसं होऊन स्वच्छ गुलाबी होईल, कारण अल्कलीत दर्शकाचं जे आयन-रूप तयार होतं ते पाण्यात सहज विरघळतं. हा बदल मात्र रासायनिक आहे. म्हणजे गंमत बघा, जिथे साका दिसला तिथे रासायनिक बदल नव्हता आणि जिथे साका गेला तिथे होता.

पुढच्या वेळी ०.१ टक्क्याचा दर्शक करून घ्या, निम्मं अल्कोहोल निम्मं पाणी घेऊन. नाहीतर थेंब न टाकता काडीचं टोक बुडवून नुसतं टेकवा.

मोजूनमापून

काकांचं म्हणणं बरोबर, हिशोबात एक खोट आहे. 'एक थेंब' सगळ्यांचा सारखा नसतो. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास, शुद्ध इथेनॉलचा २२. दर्शकाच्या अल्कोहोल-पाणी मिश्रणाचा २७-२८ धरा. ड्रॉपरच्या टोकाला थेंब लटकून राहतो तो पृष्ठताणाच्या जोरावर, त्यामुळे त्याच ड्रॉपरमधून दर्शकाचा थेंब पाण्याच्या थेंबाच्या जेमतेम ०.४ पट पडतो. म्हणजे २.४ भागांत ०.४ भाग, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. परीक्षानळीतला थेंबही तेवढाच लहान, तिथे उतरतं लिटरला ०.०४ ग्रॅम, म्हणजे फरक उलट चाळीसेक पट, तेव्हा निष्कर्ष बदलत नाही. पण मुलांना 'थेंब मोजा' सांगताना हे माहीत असलेलं बरं. तुमच्या लक्षात आलं असेल, दर्शक पडला की फुगीर थेंब एकदम बसका होऊन पसरतो. तेसुद्धा पृष्ठताण घसरल्यामुळेच. कोणी ते 'बदलाचं लक्षण' म्हणून लिहिलं नाही ना?

फळ्यापाशी

लिहिलंय की! दोघांनी. 'थेंब घाबरून चपटा झाला' असं. मी त्याखाली हसरा चेहरा काढला होता, आता खोडून 'बरोबर पाहिलंस' लिहिते.

काका, बाटलीवर १ टक्काच आहे.

जुनीच_परीक्षानळी

मला हे थेंबांचं प्रकरण पहिल्यापासून फारसं पटलेलं नाही, स्पष्टच सांगतो. रसायन वाचतं, सांडलवंड कमी, धुणं कमी, सगळं कबूल. पण बाईंचा तिसरा प्रश्न पाहा. आम्ल आणि अल्कली एकत्र आले, उदासिनीकरण झालं, आणि मुलांनी लिहिलं 'बदल नाही'. का? रंग बदलत नाही, वायू नाही, साका नाही. एकच खूण उरते, उष्णता. आणि नेमकी तीच थेंबात हरवते.

आकडे घ्या. एक मोल पाणी तयार होताना सुमारे ५७ किलोज्यूल बाहेर पडतात. १ मोलर आम्ल १० मिलिलिटर आणि १ मोलर अल्कली १० मिलिलिटर एका फोमच्या कपात ओता, तापमापी साडेसहा-पावणेसात अंशांनी चढेल. हाताला कप कोमट लागतो, मागच्या बाकावरच्या पोरालाही कळतं. तुम्ही वापरलंय ०.१ मोलर. तिथे वाढ एक दशांश, म्हणजे पाऊण अंशाच्याही आत. त्यात थेंब एवढासा, त्याच्या मानाने पृष्ठभाग मोठा, खाली प्लास्टिक, वर हवा, शिवाय पाणी उडून जाताना थेंब स्वतःच गार होतो. तापमापीचं टोक थेंबापेक्षा मोठं! मोजणार काय?

गुण कापू नका. प्रश्नच चुकीच्या भांड्यात विचारला गेलाय.

नळीवाले_काका

परीक्षानळीवाले, उष्णतेच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के मान्य. तो एक प्रयोग कपातच करावा. आणि करताना जोडीला दुसरा कप ठेवावा, नुसत्या पाण्यात नवसागर विरघळवायचा. तो कप चांगलाच गार पडतो, आणि तिथे नवा पदार्थ काही तयार होत नाही. पाणी आटवलं की नवसागर परत मिळतो. नाहीतर मुलं 'तापमान बदललं की रासायनिक बदल' असं सूत्र करून बसतात आणि मग दहावीपर्यंत ते सुटत नाही.

पण थेंबाला नावं ठेवू नका. मिलिग्रॅममध्ये मोजावं लागेल एवढ्याशा सेंद्रिय पदार्थाचं विश्लेषण करायची पद्धत बसवली म्हणून फ्रिट्झ प्रेगल यांना १९२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कमी मालात जास्त बघणं ही जुनी आणि मानाची विद्या आहे.

आणि थेंबात काही गोष्टी अशा दिसतात की नळीत दिसूच शकत नाहीत. बाई, एक करून बघा. फेरस सल्फेटचं ताजं द्रावण, दोन थेंब. त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब. मळकट हिरवा, शेवाळासारखा गोळा येतो. आता हलवू नका, भिंगातून नुसतं बघत बसा. पाच-सात मिनिटांत थेंबाच्या कडेला तपकिरी रेघ उमटायला लागते, गंजाच्या रंगाची, आणि ती हळूहळू आत सरकते. मध्यभागी हिरवं, कडेने तपकिरी. हवेतला ऑक्सिजन कडेकडून आत शिरतोय आणि फेरस हायड्रॉक्साइडचं फेरिक करतोय, ते डोळ्यांसमोर घडतं. परीक्षानळीत हेच वरच्या टोकाला होतं आणि मुलं नळी हलवून सगळं एकजीव करून टाकतात. मी निवृत्त झालो त्या वर्षी एका मुलाने मला विचारलं होतं, 'काका, कडेलाच का?' उत्तर मी दिलं नाही, वरून काचेची वाटी पालथी घालून एक थेंब झाकून ठेव म्हटलं. झाकलेला थेंब मागे पडला. तो पोरगा आणि मी दोघंही खूश.

मोजूनमापून

रंग उडण्याचा प्रश्न राहिलाच की. गुलाबी थेंब 'उलटा फिरला' नाही, पुढे गेला. हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो, तो थेंबात विरघळून उरलीसुरली अल्कली खातो. नुकत्याच गुलाबी झालेल्या थेंबात जादा अल्कली असतेच किती? नावापुरती. ती संपली, पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) ८.२ च्या खाली आला, रंग गेला. नुसत्या अल्कलीच्या ०.०५ मिलिलिटरच्या एका थेंबात ५ मायक्रोमोल हायड्रॉक्साइड आहे, ते संपायला बराच वेळ लागतो. म्हणून शेजारची चौकट गुलाबी राहिली. चंचुपात्रात टायट्रेशन केलं तरी शेवटचा फिका गुलाबी रंग काही वेळाने जातोच, पण तिथे द्रावण खूप आणि हवेला लागणारा भाग थोडा, म्हणून सावकाश. थेंब म्हणजे सगळा पृष्ठभागच.

मुलीला सांगा, रंग गेलेल्या थेंबात अल्कलीचा आणखी एक थेंब टाक. गुलाबी परत आला तर अल्कली संपली होती.

जुनीच_परीक्षानळी

इथे एक मेख आहे, मोजूनमापून. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग जास्त अल्कलीतही जातो. तीव्र अल्कलीत हायड्रॉक्साइड आयन दर्शकाच्या रेणूलाच जाऊन चिकटतो आणि रंगहीन रूप बनतं. ०.१ मोलरमध्ये हे सावकाश होतं, पण होतं. तेव्हा नुसत्या अल्कलीचा तो गडद थेंब बाईंनी तासभर ठेवला असता तर तोही फिका पडलेला दिसला असता, आणि मुलांनी दोन्हींना एकच कारण लावलं असतं. बाईंचा थेंब टिकला त्याचं एक कारण काकांनी आधीच सांगितलंय. दर्शकच इतका ओतला होता की थोडाफार गेला तरी डोळ्याला गडदच दिसणार.

दोन्हींत फरक ओळखायचा तर तुमचीच युक्ती चालते. अल्कली संपून गेलेला रंग अल्कलीच्या थेंबाने लगेच परत येतो. अल्कली जास्त होऊन गेलेला रंग अल्कलीने परत येत नाही. तिथे आम्लाने अल्कली थोडी कमी करावी लागते, आणि मग गुलाबी येतो तोही हळूहळू.

मोजूनमापून

हे माझ्या डोक्यात नव्हतं. मान्य.

भिंगवाली

इतका वेळ नुसती वाचत होते. मोरचूद-अमोनियाबद्दल कोणी विचारलं नाही म्हणून. ताई, तुमच्या वह्यांमध्ये तिथे दोन वेगळी उत्तरं आली असतील बघा. 'फिकट निळा गढूळ' आणि 'गडद निळं स्वच्छ'. दोन्ही बरोबर. अमोनिया थोडा असताना तांब्याच्या हायड्रॉक्साइडचा फिकट निळा साका येतो, आणखी घातला की तो विरघळून जांभळटाकडे झुकणारं गडद निळं द्रावण होतं. ज्या जोडीचा ड्रॉपर मोठे थेंब पाडतो ती पहिली पायरी ओलांडून जाते, आणि तिला वाटतं 'फक्त रंग गडद झाला'. मी आता मुलांना 'काय दिसलं' विचारतच नाही. प्रत्येक थेंबानंतर, ढवळायच्या आधी आणि ढवळल्यावर काय दिसलं, असं विचारते. एका चौकटीत चार ओळी होतात. वह्या तपासायला जड जातं हे आहेच.

मॅग्नेशियमच्या बुडबुड्यांबद्दलही तसंच. गार पाण्याचा थेंब उबदार खोलीत थोडा वेळ पडला की प्लास्टिकला चिकटून बारीक बुडबुडे दिसतात, ते पाण्यात आधीच विरघळलेल्या हवेचे. ते जागचे हलत नाहीत. मॅग्नेशियमवरचे धातूपासून सुटतात, एकामागून एक येत राहतात आणि तुकडा झिजत जातो. भिंगातून बघितलं तर तुकड्याची कड खडबडीत होताना दिसते. फक्त आम्लाच्या थेंबावर डोळा फार जवळ न्यायचा नाही, बुडबुडे फुटताना बारीक तुषार उडतात. चष्मा असला तरी.

शाळेत वेळ उरला तर हेही करा. शीटवर पाण्याचं छोटंसं डबकं, रुपयाएवढं. एका कडेला मोरचुदाचा एक खडा, समोरच्या कडेला सोडियम कार्बोनेटचा एक खडा. हात लावायचा नाही. दोन्ही विरघळत एकमेकांकडे सरकतात आणि जिथे भेटतात तिथे फिकट निळसर रेघ उभी राहते. पारदर्शक दोन बाजू आणि मध्ये भिंत. वर्ग गप्प होतो तेव्हा.

नळीवाले_काका

भिंगवाली ताई, हे डबकं मी कधी केलं नव्हतं. उद्याच नातीला घेऊन बसतो.

फळ्यापाशी

आजचा तास झाला. क्रमाने सांगते.

साध्या पाण्यात दर्शक टाकायला सांगितला. सगळ्या चौकटी दुधाळ. क्षणभर शांतता, मग मागून एक आवाज, 'बाई, म्हणजे पाणीपण आम्ल आहे?' त्याच्याशी बाकीच्यांनीच भांडण केलं, मला काही बोलावं लागलं नाही. दुधाळ थेंबात अल्कली टाकल्यावर स्वच्छ गुलाबी झालं तेव्हा टाळ्या वाजल्या. कालच्या 'पांढरा अवक्षेप' या निरीक्षणाचा गुण मी कापला नाही, 'रासायनिक बदल' या निष्कर्षाचा मात्र मुलांनी स्वतःच खोडला.

फोमच्या कपात चढलं ६ अंश. परीक्षानळीवाले म्हणाले त्यापेक्षा थोडं कमी, पण आमचा कप बिनझाकणाचा होता आणि तापमापी वाचणाऱ्याला वाचायची घाई नव्हती.

आता एक नवीन. काल एक शीट पुसायची राहिली होती, खिडकीपाशी रात्रभर पडून होती. ज्या चौकटीत अल्कली आणि दर्शकाचा गडद गुलाबी थेंब होता तिथे सकाळी रंगाचा मागमूस नाही, नुसता पांढरट कोरडा ठिपका. 'उलटी फिरली' लिहिणाऱ्या त्याच मुलीने विचारलं, 'बाई, अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड खाते म्हणालात, तर तो या ठिपक्यात असायला हवा ना?' मी मॅग्नेशियमसाठी ठेवलेलं १ मोलर आम्ल तिच्या हातात दिलं. एक थेंब. आम्ही दोघी भिंगावर डोकं लावून (हो, लांबूनच). ठिपक्याच्या कडेकडून बारीक बारीक बुडबुडे आले, पंधरा-वीस असतील, आणि थांबले.

आणि थेंब पुन्हा दुधाळ झाला. त्याचं कारण तिनेच सांगितलं.